समईतलं कडू तूप

या, अशा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही या, चपला कुणी नेणार नाही. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग आख्यान लावतात. मला निरूपणाचा अधिकार नाही. ऐकत ऐकत केस पिकले, एवढीच माझी कमाई. म्हणून एकदम आख्यानालाच हात घालतो. गोष्ट देवादिकांची नाही, राजाराणीचीही नाही. आपल्या कसबा बावड्यातल्या एका माळकऱ्याची आहे आणि एका औषधी तुपाची. हसू येईल तिथं खुशाल हसा. शेवटी मात्र तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे, तोवर उठू नका.

तर हा माळकरी म्हणजे आकाराम पोवार. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर त्यानं आख्खी नोकरी काढली. गाडीवान म्हणायचे, ‘आकारामदादा काट्यावर असला की खुशाल डुलकी घ्यावी, रतीभर फरक पडायचा न्हाय.’ निवृत्त झाला तरी ते नाव टिकलं. दोन भावांत बांधावरनं जुंपली की बावड्यातली माणसं म्हणायची, आकारामदादाला विचारा, तो सांगंल ते खरं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आणि विठ्ठलाच्या देवळात रोजच्या भजनात पुढच्या ओळीत टाळ. समईच्या उजव्या अंगाची जागा त्याची. तिथं दुसरं कुणी बसत नसे.

अशा माणसाच्या दोन्ही पोटऱ्यांवर इसब उठलं. आधी खाज, मग चिरा, मग पाणी. भजन रंगात यावं आणि नेमका त्याच वेळी त्याचा एक हात टाळ सोडून धोतराखाली जावा. शेजारचा पखवाजवाला डोळे वटारायचा.

“अवो, देवापुढं काय हे खसाखसा!” त्याची बायको तानाबाई म्हणाली. “रंगरावांच्या पोरीकडं जावा की.”

रंगराव वैद्य म्हणजे बावड्याचे जुने वैद्य. ते गेले आणि त्यांचा दवाखाना त्यांची मुलगी निशिगंधा चालवू लागली. पोरगी कॉलेजात शिकून आलेली, भिंतीवर डिग्री टांगलेली. पण भिंतीवरची डिग्री वाचतो कोण? आपल्याकडं वैद्याचं एकच बघतात, हाताला गुण हाय का. औषध तेच, पुडी तीच, पण एकाच्या हातून लागू पडते आणि दुसऱ्याच्या हातून पडत नाही, असं मानणारी आपण माणसं. रंगरावांच्या हाताला गुण होता. पोरीचं अजून कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून बाकं रिकामी असायची.

आकाराम गेला तो थोडा उपकाराच्या भावनेनंच गेला. आपण गेलो की माणसं येतील, पोरीचा जम बसेल, असं त्याच्या मनात होतं. आणि झालंही तसंच. आकारामदादा जातोय म्हटल्यावर बाकं भरू लागली.

निशिगंधानं पोटऱ्या नीट पाहिल्या, नाडी पाहिली, जीभ बघितली. मग कपाटातनं एक बरणी काढली.

“काका, हे पंचतिक्त घृत. पाच कडू वनस्पती घालून शिजवलेलं तूप. बाबांच्या मागं पहिल्यांदाच एकटीनं केलंय. यातलं कडू पडवळ गारगोटीच्या डोंगरातनं आणलं, ते पावसाळ्याशिवाय मिळत नाही. तेव्हा जपून वापरा. सकाळी उपाशीपोटी चमचाभर घ्यायचं, वर गरम पाणी. पोटऱ्यांनाही लावायचं.”

आकारामनं बोटावर घेऊन चाटलं. त्याचं तोंड असं झालं की निशिगंधा हसली.

“आता पथ्य. दही बंद, वांगं बंद, लोणचं आणि तळलेलं बंद. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दूध आणि खारट-तिखट एका वेळी पोटात जाता कामा नये. ते विरुद्ध अन्न. तुमचं इसब त्याच्यावरच पोसलंय असं मला वाटतं.”

“दूध? अगं पोरी, दूध म्हंजे देवाचं अन्न!”

“देवाला आधी वडा चारून मग दूध पाजत नाही की आपण.”

आकाराम दचकला. पोरगीला कुणी सांगितलं की काय? कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आपला एक दाखला दिला होता. पण तो नेमका वर्मी बसला.

कारण असं, की आकारामचं मटण-मच्छी माळ घातली त्या दिवशीच सुटलेलं. तंबाखू नाही, चहाही बेताचा. अख्ख्या संसारात त्याची एकच चैन होती. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी जायचं. समोर म्हैस उभी, गवळी धार काढतोय, आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच हातात, म्हशीच्या अंगाची ऊब घेऊन आलेला. त्याआधी शेजारच्या कढईतला गरम वडा. वडा खायचा तो तिखट, आणि दूध प्यायचं ते तिखट शमवायला. यात पाप ते कसलं, असं त्याला वाटायचं.

सुरुवातीचे काही दिवस त्यानं पथ्य पाळलंही. पोटऱ्यांचं पाणी थांबलं. मग एकदा टाळाची दोरी बदलायला म्हणून गंगावेशीला गेला. दोरी बदलली आणि पाय आपोआप कट्ट्याकडं वळले. आजच्या दिवस, म्हणाला. दुसऱ्या खेपेला दोरी बदलायची नव्हती, तरी गेला.

पुढच्या भेटीला दवाखाना भरलेला होता. मिरची कांडपवाला करीम होता, त्याची बायको नजीरा होती, सलूनवाला ऋतुराज होता. निशिगंधानं पोटऱ्या पाहिल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“वाढलंय की, काका. पथ्य पाळताय न्हवं?”

साधा प्रश्न होता. खाली मान घालून ‘चुकलो बघ’ म्हटलं असतं तर ती रागावली असती, लोक हसले असते, आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण सगळी बाकं त्याच्याकडं बघत होती. आपल्या मिशीला दुधाचा फेस तर नाही ना, असं वाटून त्याचा हात उगाच ओठावरनं फिरला. तोच हात खाली गळ्याशी गेला आणि माळेवर थांबला.

“माळंची आण हाय, पोरी. इकडचं तिकडं न्हाय.”

“आण कशाला घेता, काका?” ती ओशाळली. “तुमच्यावर अविश्वास दाखवीन का मी?”

बघा बरं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर वैद्यानं मनात म्हटलं असतं, हा कुठंतरी चोरून खातोय. रोगी पथ्य मोडतात हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण माळकऱ्यानं माळेची आण घेतल्यावर तो रस्ता बंदच झाला. मग राहिलं काय? राहिलं तूप. आणि तूप करणारे हात.

त्यानंतर आकारामचं कट्ट्यावर जाणं थांबलं का? थांबलं असतं तर मी तुम्हाला कशाला बसवलं असतं. उलट आता तो टोपी खाली ओढून जायला लागला. दूध गोडच लागायचं, पण पूर्वीसारखं निवांत पिता येत नव्हतं. तरी प्यायचा.

एक दिवस तो सलूनमध्ये दाढीला बसला होता. ऋतुराज वस्तरा फिरवत म्हणाला, “काय दादा, पाय काय म्हणत्यात?”

“हाय तसंच.”

“आन् पथ्य?”

“पाळतोय की.”

“मग मिटलंच!” ऋतुराज बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांकडं वळला. “ऐका लगा. दादांसारख्या माणसाला गुण येईना, मग आपली काय कथा? पोरीच्या हाताला गुणच न्हाय. म्हाताऱ्यासंगं गेला त्यो.”

“व्हय, मी बी ऐकलंय,” बाकड्यावरनं कुणीतरी म्हणालं.

वस्तरा गळ्याशी होता म्हणून बोलता आलं नाही, असं आकारामनं पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. पण वस्तरा निघाला, तुरटी फिरली, पावडर लागली, तरी त्याचं तोंड उघडलं नाही. आरशातल्या माणसाकडं न बघता तो उठला.

आणि एका सकाळी निशिगंधाच त्याच्या दारात आली. चेहरा उतरलेला, हातात मोठी पिशवी. तानाबाईनं पाण्याचा तांब्या आणला, तो तिनं तसाच बाजूला ठेवला.

“काका, चूक माझी आहे. तुमचं पथ्य चोख, तरी इसब वाढत चाललंय. म्हणजे माझा पाक बिघडला. तूप जास्त शिजलं असणार. मी सगळ्यांकडनं परत घेतेय. तुमची बरणीही द्या.”

“अगं, आसं कसं...” आकाराम पुटपुटला.

“बाबा असते तर त्यांना वासावरनं कळलं असतं. मला नाही कळलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून आलात आणि मी तुमचे पाय आणखी बिघडवले.”

असं म्हणून ती वाकली आणि तिनं त्याच्या पायांना हात लावला.

आकारामनं पाय मागं ओढले, निखाऱ्यावर पडल्यासारखे. तोंडातनं एवढंच निघालं, “ऱ्हाऊ दे गं, ऱ्हाऊ दे.” आणि त्यानं फळीवरची बरणी काढून तिच्या हातात दिली. ती पिशवी सावरत गेली.

तानाबाई दाराशी उभी राहून बघत होती. पोरगी वळणापलीकडं गेल्यावर ती आत आली.

“अवो, तुमच्या सदऱ्याला हल्ली वड्याचा वास कसला येतोय?”

“गंगावेशीतनं येताना लागला आसंल.”

“वास म्हंजे काय चिखल हाय लागायला?” ती त्याच्या समोर बसली. “आवं, ती पोर तुमच्या पाया पडून गेली!”

त्यानं सदरा काढून खुंटीला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात तानाबाईला न बोललेलंही ऐकू यायचं. तिनं बाजूला राहिलेला तांब्या उचलला. मग म्हणाली, “मी सांगतो तिला जाऊन. पर न्हाय, मी न्हाय सांगायचो. माळंची आण तुमी घेतलीया. सोडवायची बी तुमीच.”

“सांगतो की. एकादस होऊ दे.”

एकादशीचा आणि सांगण्याचा काय संबंध, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मधल्या दिवसांत तानाबाईनं त्याला मिरच्या कांडून आणायला धाडलं. हंगाम चटणीचा, करीमच्या कांडपापुढं पोती लागलेली. यंत्र करीम चालवायचा. मसाला भाजणं, कांदा-लसूण घालून चटणी हातानं कालवणं हे नजीराचं काम. आकाराम पोहोचला तेव्हा ती दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून परातीपुढं बसली होती.

“हे काय, नजीरा?”

तिनं एक पिशवी सोडून हात पुढं केला. तळव्याला आडव्या-उभ्या चिरा पडल्या होत्या, आणि चिरांच्या कडा लाल.

“मलाबी तेच तूप दिलतं की बाईंनी. मस्त मिटलतं, काका. मी त्यांस्नी म्हटलो, मला गुण आलाय, माझं तेवढं ऱ्हाऊ द्या. तर म्हणाल्या, न्हाई भाभी, बिघडलेलं औषध खायला घालून तुमच्या जिवाशी खेळणार न्हाई मी. घेऊन गेल्या. आता हंगामात हातावर हात ठेवून बसून चालतंय का? आत मिरची गेली की नुसती आग, बघा.” ती पिशवी पुन्हा बांधू लागली. “तुमाला लागू पडलं न्हाय, म्हणून आमचंबी बंद. नशीब म्हणायचं, दुसरं काय.”

आकारामनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात करीमनं कळ दाबली आणि कांडपाचे मुसळ धडाधडा आपटायला लागले. लाल खकाणा उठला. आकारामला ठसका लागला, डोळ्यांतनं धारा लागल्या.

“मागं सरका, पावणं असल्यागत पुढं कशाला उभा ऱ्हायलाय!” करीम हसून ओरडला. तिथं सगळ्यांचेच डोळे पाणावतात, म्हणून त्याच्याकडं कुणी निरखून पाहिलं नाही. चटणीचा डबा घेऊन तो घरी आला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग एकादशी आली. दिवेलागणीला देऊळ भरलं. निशिगंधा बायकांत मागं भिंतीशी बसली होती. ऋतुराज होता, पखवाजवाला होता. देवळाची पूजाअर्चा बघणारे आण्णा गाभाऱ्यापाशी. आकाराम आपल्या जागेवर, समईच्या उजव्या अंगाला. अभंग लागला, टाळ झणझणले. सूर चढत गेला तसं त्याला बरं वाटलं. देवाचं नाव घेताना माणसाला थोडा वेळ स्वतःचा विसर पडतो, त्याच्यावर देवाची तेवढी दया झाली म्हणा.

पण ती टिकली नाही. त्याच्या नाकाला एक वास लागला. कडसर, करपल्या पाल्यासारखा. ओळखीचा. रोज सकाळी उपाशीपोटी त्यानं हाच वास गिळला होता. त्यानं समईकडं पाहिलं. पाचही वाती शांत जळत होत्या, आणि समईत तेलाऐवजी हिरवट तूप होतं. पलीकडं आण्णांच्या पाटाशी बरणी ठेवलेली. निशिगंधाचीच बरणी. अर्ध्याच्या खाली गेलेली.

त्याचा टाळ थांबला.

“समई इझवा!”

अभंग तुटला. देवापुढं, एकादशीला, दिवा विझवा म्हणणारा माणूस त्या देवळानं आजवर पाहिला नव्हता. बायकांनी तोंडाला पदर लावले.

“आकाराम!” आण्णा कडाडले. “जीभ झडली का तुझी? समई शांत करा म्हणत्यात. आन् तेबी भजन सुरू असताना? डोस्कं फिरलं का?”

“शांत करा, आण्णा, काय बी करा, पर ते तूप जाळू नगा!”

“खायच्या कामाचं न्हाय ते. पोरीनं आणून दिलं. गटारात ओतण्यापरीस देवापुढं जळू दे म्हणाली. बाकीच्या ओतून टाकल्या, ही शेवटची बरणी हाय.”

“खायच्या कामाचं हाय,” आकाराम म्हणाला. त्यानं खांब धरला. “तूप चांगलं हाय. बिघडलंय ते माझं. मी पथ्य पाळलंच न्हाय. गंगावेशीत जाऊन वडा खाऊन वर दूध पीत हुतो. आन् हिच्यापुढं माळंची खोटी आण घेतली.”

मग कोपऱ्यातनं कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “वडं किती, दादा? एक का दोन?”

“दोन,” आकाराम म्हणाला.

हशा पिकला. हसत नव्हते तिघंच जण. एक आकाराम. दुसरा ऋतुराज, तो जमिनीकडं बघत होता. आणि निशिगंधा. ती उभी राहिली होती.

“म्हणजे...” ती म्हणाली. “म्हणजे पाक बरोबर होता?”

तिनं त्याला शिवी दिली नाही, जाब विचारला नाही. एवढंच विचारलं, आणि आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आई त्याला चाचपून बघते, तसे. आकारामला वाटलं, हिनं आत्ता सगळ्यांसमोर एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

आण्णांनी नवी तेलाची समई लावली, ज्योतीवरनं ज्योत घेतली आणि मग तुपाची समई शांत केली. आकारामनं टाळ देवापुढं ठेवला. मग त्याचा हात गळ्याकडं गेला, माळ काढायला.

“काढू नगंस,” आण्णा म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता. “काढून सुटशील. घालूनच फीर बावड्यात.”

तो मागं जाऊन चपलांपाशी बसला. भजन पुन्हा सुरू झालं. समईच्या उजव्या अंगाची जागा त्या दिवशी मोकळीच राहिली.

बाहेर पायरीवर निशिगंधानं त्याला गाठलं. हातात ती बरणी होती.

“काका, तुमच्यावर मला रागवायचंय. लई रागवायचंय. पण आज नुसतं बरंच वाटतंय, आणि त्याचाच राग येतोय.” तिनं डोळे पुसले. “रात्र रात्र विचार केला मी. दवाखाना बंद करून नोकरी बघायचं ठरवलं होतं. तुम्हाला एवढंही वाटलं नाही?”

“वाटलं की, पोरी. रोज वाटलं.”

“मग?”

आकाराम पायात चपला अडकवू लागला. तिनं फार वाट बघितली नाही.

“हे उरलंय ते नजीराभाभीचं. तुम्हाला पुरणार नाही. तुम्ही आता पावसाळ्यापर्यंत पथ्यावरच राहायचं, आणि पथ्य पाळता का ते मी तानाकाकूंना विचारणार. तुम्हाला नाही.”

“ते बेस,” आकाराम म्हणाला. “बरणी मी नेऊन देतो. एवढं तरी करू दे.”

तिनं क्षणभर विचार केला आणि बरणी त्याच्या हातात दिली.

कांडप बंद करून करीम पोती रचत होता. नजीरा ओट्यावर बसून हातांवर गार पाणी ओतून घेत होती. आकारामनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वड्यापासून समईपर्यंत. करीमनं एकदा ‘या अल्ला’ म्हटलं आणि पोतं खाली ठेवलं. नजीरानं बरणी घेतली, झाकण काढलं, आत किती उरलंय ते तिरकं करून पाहिलं. हंगाम अजून बराच बाकी होता, आणि तूप तळाशी आलेलं.

“दूध गोड हुतं का, काका?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“व्हय,” आकाराम म्हणाला. खोटं बोलायची त्याची ताकद संपली होती. “गोड हुतं.”

नजीरानं मान हलवली. बोटभर तूप घेऊन ती चिरांमध्ये भरू लागली, आणि तो चपला हातात धरून तसाच उभा राहिला, कुणी जा म्हणेपर्यंत.

पुढचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात निशिगंधानं नवं तूप केलं. आकारामचं इसब गेलं, डाग राहिले. माळ घालून तो बावड्यात फिरतो. टपरीवरची पोरं विचारतात, दादा, दूध घेणार का, आणि तो मान खाली घालून पुढं जातो. पोरीच्या हाताला गुण आहे असं आता ऋतुराजच सगळ्यांना सांगतो, ते जणू त्यालाच पहिल्यांदा कळलं होतं. सगळं जागेवर आलं म्हणायचं. पण बरणी हंगामाच्या मध्येच संपली होती, आणि उरलेली चटणी एका बाईनं उघड्या चिरांनी कालवली. ती कुणाशी खोटं बोलली नव्हती, तिनं पथ्यही मोडलं नव्हतं. बावड्यातल्या किती घरांत ती चटणी वर्षभर पुरली, आणि एका घरालाही ते ठाऊक नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे, मायबाप. देवाचं नाव घेऊन जेवायला बसाल आणि भाकरीला चटणी लावाल, तेव्हा पहिल्या घासाआधी नजीराची आठवण काढा.